चक्कर नेमकी कुठून येते? कानाच्या आतल्या तपासण्या समजून घेऊ

तायांनो, गटाच्या कर्ज वहीत 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. बियाणं, शिलाई मशीन, शाळेची फी, लग्न, आणि अधूनमधून 'दवाखाना'. बैठकांना फिरताना मी हा रकाना मुद्दाम वाचते. दवाखाना लिहिलंय तिथं जरा खोलात विचारलं की बऱ्याचदा उत्तर येतं, "चक्कर येतेय हो कधीपासून. आधी सलाईन लावलं, मग रक्त तपासलं, मग मानेचा फोटो काढला, आता डोक्याचा एमआरआय करायला सांगितलाय." कान तपासला का, असं विचारलं तर सगळ्या हसतात. कान कुठं दुखतोय?

कान दुखत नसतो, वाहत नसतो, ऐकूही चांगलं येत असतं. तरीसुद्धा चक्कर कानाची असू शकते. कारण कानाला दोन कामं आहेत. ऐकणं हे एक आपल्याला माहीत असतं. दुसरं काम म्हणजे तोल सांभाळणं. ते कानाच्या अगदी आतल्या भागात, कवटीच्या हाडात बसलेल्या वाटाण्याएवढ्या जागेत चालतं. तो भाग वरून दिसत नाही, कानात बॅटरी मारून दिसत नाही. म्हणून त्याच्या तपासण्या जरा वेगळ्या असतात, आणि त्याच आज सांगणार आहे.

फुगडी आठवा

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, तो ऐकण्याचा. त्याला लागून बांगडीसारख्या वळलेल्या तीन बारीक नळ्या असतात, तिन्ही तीन दिशांना. त्यांत पाणी असतं. कळशी एकदम गोल फिरवली तर आतलं पाणी लगेच फिरत नाही, मागं राहतं. तसंच आपण मान वळवली की नळीतलं पाणी मागं राहतं, तिथला पडदा वाकतो आणि मेंदूला खबर जाते की डोकं वळलं.

नागपंचमीला फुगडी खेळून एकदम थांबलात की काय होतं? पाय थांबतात, पण अंगण फिरतच राहतं. कारण आता नळीतलं पाणी थांबलेलं नसतं. त्या वेळी समोरच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत बघा. तिची बुबुळं एका बाजूला सरकतात आणि झटका देऊन परत येतात, परत सरकतात. ती हे मुद्दाम करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. आतला कान आणि डोळे यांची तार मेंदूतून जोडलेली आहे.

एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. डॉक्टर आतल्या कानाची तपासणी बऱ्याचदा डोळ्यांत बघून करतात, ती यामुळेच. "कानासाठी आले आणि डोळेच बघत बसले" अशी तक्रार मी ऐकली आहे. ते बरोबरच करत होते.

आधी प्रश्न, मग यंत्र

चांगली तपासणी प्रश्नांनी सुरू होते. आपण सगळ्याला 'चक्कर' म्हणतो, पण त्यात प्रकार आहेत. उठल्यावर डोळ्यापुढं अंधारी येते आणि बसलं की जाते, ही बहुतेक वेळा रक्तदाबाची किंवा रक्त कमी असल्याची गोष्ट. उपवासाच्या दिवशी, उन्हात खुरपताना येते ती वेगळी. घर गरगर फिरतं, डोळे मिटले तरी फिरतं, मळमळतं, उलटी होते, ही चक्कर कानाची असण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिल्यांदा उपकेंद्रात रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर बघून घ्याच. आपल्याकडं बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं आहे की ते सोडून पुढं जाता येत नाही.

मग डॉक्टर विचारतील, किती वेळ राहते? याचं उत्तर "लई वेळ" असं देऊ नका. नीट सांगा. कूस बदलली, वर बघून दोरीवर कपडे टाकले, वाकून झाडलं की गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, हे एक चित्र. वीस मिनिटांपासून काही तास राहते, सोबत एका कानाला दडे बसतात, कानात घणघण होते आणि तेवढ्यापुरतं कमी ऐकू येतं, हे दुसरं. याला मेनिएरचा आजार म्हणतात. १८६१ साली फ्रान्समधल्या मेनिए नावाच्या डॉक्टरांनी हा त्रास कानाचा आहे, डोक्याचा नाही, असं मांडलं, म्हणून ते नाव. आणि एकदम सुरू होऊन दोन-तीन दिवस सलग फिरत राहते, उठवत नाही, पण ऐकू ठीक येतं, हे तिसरं. यात तोलाच्या नसेला सूज आलेली असू शकते. पण मेंदूतला झटकाही अशीच चक्कर देऊ शकतो, त्यामुळं सलग राहणारी चक्कर घरी काढायची नाही.

कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत किंवा होती तेही सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन, टीबीसाठीचं स्ट्रेप्टोमायसिन अशी काही इंजेक्शनं आतल्या कानाला इजा करू शकतात. नाव आठवत नसेल तर जुनी चिठ्ठी घेऊन जा.

पाच मिनिटांची खाटेवरची तपासणी

आता मी सगळ्यात जास्त ज्यावर बोलणार आहे ती ही तपासणी. कारण ती स्वस्त आहे, यंत्र लागत नाही, आणि तरीही बऱ्याच जणींची ती झालेलीच नसते.

आतल्या कानात तोलासाठी अगदी बारीक खडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. अंड्याचं कवच किंवा शिंपला ज्या पदार्थाचा असतो त्याचेच. ते एका मऊ गादीवर चिकटून बसलेले असतात. वयानं, डोक्याला मार लागल्यानं, कधी काहीच कारण नसताना ते सुटतात आणि त्या बांगडीसारख्या नळीत जाऊन पडतात. मग मान विशिष्ट दिशेला नेली की खडे घरंगळतात, पाणी हलतं आणि मेंदूला खोटी खबर जाते. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानामुळं येणाऱ्या चकरेचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांत, त्यातही पन्नाशीनंतर, जास्त दिसतं.

हे ओळखायच्या तपासणीचं नाव डिक्स-हॉलपाइक. मार्गारेट डिक्स या लंडनमधल्या डॉक्टरीणबाई. त्यांनी चार्ल्स हॉलपाइक यांच्यासोबत १९५२ मध्ये ती मांडली. तुम्हाला खाटेवर पाय लांब करून बसवतात. मान एका बाजूला साधारण ४५ अंश वळवतात. मग डॉक्टर तुमचं डोकं धरून तुम्हाला झटकन मागं निजवतात, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबतं राहील असं. डोळे उघडे ठेवायचे. डॉक्टर अर्धा-एक मिनिट बुबुळांकडं बघत राहतात. खडे त्या बाजूला असतील तर काही सेकंद काहीच होत नाही, आणि मग एकदम गरगरायला लागतं, बुबुळं गोल वळत वर उडायला लागतात. मिनिटाच्या आत शांत होतं. मग उठवून दुसऱ्या बाजूनं तेच.

त्या वेळी भीती वाटते, हे खरं आहे. पडल्यासारखं होतं, ओरडावंसं वाटतं. पण डोळे मिटू नका, कारण डोळ्यांतच तर सगळं दिसायचं आहे. मानेचं ऑपरेशन झालं असेल, मानेत तीव्र दुखत असेल तर आधीच सांगा, तपासणी दुसऱ्या पद्धतीनं करता येते.

आमच्या भागातल्या एका ताईंसोबत मी या तपासणीला गेले होते. आठ महिने त्रास होता. विहिरीवर जाणं सोडलं, गॅसपाशी उभं राहायची भीती, गटाचं अध्यक्षपद सोडलं. मानेला पट्टा लावला, गटातून दोनदा कर्ज घेतलं. सगळे रिपोर्ट चांगले आले तशी घरात कुजबुज सुरू झाली की काम नको म्हणून नाटक करते. सासूबाई सोबत आल्या होत्या त्या तशाच मनानं. डॉक्टरांनी निजवलं, उजवी बाजू, आणि ताईंची बुबुळं फिरायला लागली. डॉक्टरांनी सासूबाईंना जवळ बोलावून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. परत येताना एसटीत त्यांनी सुनेला खिडकीची जागा दिली.

त्याच खाटेवर डॉक्टरांनी डोकं टप्प्याटप्प्यानं वळवून खडे मूळ जागी परत नेले. या पद्धतीला एपली म्हणतात, अमेरिकेतल्या जॉन एपली यांच्या नावावरून. अनेकींना एक-दोन वेळात आराम पडतो. पुढं कधी पुन्हा होऊ शकतं, तेव्हा परत तेच करायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून घरच्यांकडून पहिल्याच वेळी करून घेऊ नका. कोणत्या कानाचे, कोणत्या नळीतले खडे आहेत हे कळल्याशिवाय वळवलेली मान उपयोगाची नाही, आणि चक्कर खड्यांचीच आहे हे आधी ठरायला हवं.

मानेच्या फोटोबद्दल एक सांगते. चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या फोटोत थोडीफार दिसतेच. डोक्यावर हंडे वाहिलेल्या आपल्या बायकांचं तर विचारूच नका. त्यामुळं फोटोत झीज दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळंच, असं ठरत नाही.

ऐकण्याची तपासणी: नापास कुणी होत नाही

तोलाचा आणि ऐकण्याचा भाग शेजारी-शेजारी असल्यानं चक्कर असेल तर ऐकण्याची तपासणीही करतात. आधी कानातला मळ साफ करतात. (केसातली पिन, काडी, कोमट तेल हे कार्यक्रम बंद करा बायांनो. पडदा फाटलेल्या कानात तेल गेलं तर पू धरतो.) मग डॉक्टर चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून कानापाशी आणि कानामागच्या हाडावर धरतात. नंतर ऑडिओमेट्री.

आवाज येणार नाही अशा छोट्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, हातात बटण देतात. जाड-बारीक आवाज एकेक करून येतात आणि कमी कमी होत जातात. अगदी पुसटसा ऐकू आला तरी बटण दाबायचं. पुष्कळ जणी घाबरतात, चुकलं तर मॅडम रागावतील म्हणून नीट खात्री होईपर्यंत दाबत नाहीत, किंवा अंदाजानं दाबत सुटतात. दोन्हीनं रिपोर्ट चुकतो. ही परीक्षा नाही. मग कानामागच्या हाडावर एक छोटी वस्तू लावून तेच परत करतात. हवेतून कमी ऐकू येतं पण हाडातून चांगलं येतं, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात, म्हणजे मळ, पडदा, पू. दोन्हीकडून कमी येतं, तर आतल्या कानात किंवा नसेत.

रिपोर्ट हा एक आलेख असतो आणि तो तुम्ही स्वतः थोडा वाचू शकता. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. रेघ वरती, २०-२५ डेसिबलच्या आत असेल तर ऐकणं ठीक. जितकी खाली उतरेल तितकं कमी. मेनिएरच्या आजारात सुरुवातीला जाड आवाजांच्या बाजूची, म्हणजे कागदाच्या डावीकडची रेघ उतरते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची रेघ उजवीकडं, ४००० च्या आसपास खड्ड्यासारखी खाली जाते. गटातर्फे पिठाची गिरणी, मसाला कांडप चालवणाऱ्या तायांनो, तुम्ही चक्कर नसली तरी एकदा ही तपासणी करून घ्या. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र गिरणीवर बसू नका. आवाजानं कान तात्पुरता बधिर होतो आणि रिपोर्ट वाईट येतो.

याच्याच जोडीला टिम्पॅनोमेट्री करतात. कानात रबरी बोंडूक बसवून हवेचा दाब कमी-जास्त करतात, मधल्या कानाची हालचाल कळते. दोन मिनिटांचं काम, दडे बसल्यासारखं वाटतं, दुखत नाही.

हे करणाऱ्यांना ऑडिओलॉजिस्ट म्हणतात. आपल्याकडं राष्ट्रीय बहिरेपणा कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत ऑडिओमेट्रीची सोय केलेली आहे, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. जाण्याआधी आशाताईंकडून कान-नाक-घसा विभागाचा वार विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं वाया जातं. मशिन विकणाऱ्यांच्या 'मोफत कान तपासणी' शिबिरात जायला हरकत नाही, पण तिथं त्याच दिवशी मशिन घेऊ नका. आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.

चष्मा, कॅमेरा आणि कानात पाणी

एवढ्यावर उलगडा झाला नाही तर मोठ्या शहरात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व्हीएनजी नावाची तपासणी सांगतात. डोळ्यांवर पोहण्याच्या चष्म्यासारखा मोठा चष्मा, त्यात कॅमेरे. पडद्यावरच्या ठिपक्याकडं बघायचं, मग वेगवेगळ्या कुशीवर निजायचं, आणि शेवटी कानात थोडं थंड आणि थोडं गरम पाणी किंवा हवा सोडतात. ३० अंश आणि ४४ अंश, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा सात कमी आणि सात जास्त. प्रत्येक वेळी मिनिट-दोन मिनिटं गरगरतं. एका कानानं तितकं गरगरलं नाही तर तो कान अशक्त झालाय असं समजतं.

ही युक्ती व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांची. ते कान धुताना रुग्ण म्हणायचे चक्कर येते. पाणी थंड होतं, म्हणून त्यांनी गरम वापरलं, तर बुबुळं उलट्या दिशेला उडायला लागली. त्यातून ही तपासणी निघाली आणि १९१४ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. तेव्हा ते महायुद्धात रशियाच्या कैदेत होते.

जाताना काजळ घालू नका. हसू नका, खरंच सांगते. कॅमेरा काळं बुबुळ शोधत असतो, तो काजळाच्या रेघेला बुबुळ समजतो. हलकं खाऊन जा, सोबत कुणीतरी असू द्या. पडद्याला भोक असेल तर आधी सांगा. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या साधारण दोन दिवस आधी बंद करायला सांगतात, पण रक्तदाब, साखर, फिट्स यांच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. गोळ्यांवरून आठवलं, चक्करेची गोळी ही काही दिवसांपुरती असते. मेडिकलमधून तीच पट्टी महिनोन् महिने आणून खाणाऱ्या तायांना मी बघितलंय. त्यातल्या काही गोळ्यांनी हात थरथरतात, अंग कडक होतं, आणि मेंदू स्वतःहून तोल शिकायचा तो शिकत नाही.

एमआरआय कधी लागतो? एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर नसेवर गाठ नाही ना हे बघायला. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते, हळू वाढते, पण वेळेत कळलेली बरी. किंवा मेंदूच्या झटक्याचा संशय असेल तर. कूस बदलल्यावर मिनिटभर येणाऱ्या चकरेत एमआरआयमध्ये बहुधा काहीच दिसत नाही, ते खडे त्यात दिसत नाहीत. माझं मत विचाराल तर, अशा चकरेच्या एमआरआयसाठी कर्जाचा अर्ज आला की गटानं ताईंना एवढंच विचारावं, "खाटेवर निजवून डोळे बघितले का?" कर्ज अडवायला नाही, ताईंनी डॉक्टरांना तेच विचारावं म्हणून.

दोन वेळा मात्र गटाची बैठक, सोयीचा वार, काही बघायचं नाही. चकरेसोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, एका बाजूची ताकद गेली, धरूनही उभं राहता येईना किंवा कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, तर लगेच १०८. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळं त्रास किती वाजता सुरू झाला ते बघून ठेवा. आणि दुसरं, एका कानाचं ऐकणं एकदम गेलं, आज सकाळी उठलात आणि फोन त्या कानाला लावला तर काहीच येईना. याला मळ समजून आठवडा घालवतात. मळही असू शकतो, पण आतल्या कानाचं असेल तर औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तरच ऐकणं परत यायची आशा जास्त. दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.

रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वेळी ऐकणं वाढलं की घटलं ते जुन्या आलेखाशी ताडूनच कळतं. टिम्पॅनोमेट्रीचा कागद बऱ्याचदा एसटीच्या तिकिटासारखा गुळगुळीत असतो, त्यावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढून पासबुकाच्या पिशवीत ठेवा.